त्रिफोनची सही

आमच्याकडे विमान उतरलं की लोक टाळ्या वाजवतात. वैमानिकाने आपल्याला जिवंत खाली आणलं, याचं सगळ्यांना दर वेळी नव्याने आश्चर्य वाटतं. टाळ्या संपल्या की विमान धावत असतानाच उठून सामान काढायचं. सीटबेल्टचा दिवा आम्ही बल्गेरियन लोक शोभेचा मानतो.

एक फेब्रुवारीला वार्नात उतरताना सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी सोडून. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो होतो. शेजारी त्सोना नावाच्या आजी होत्या, मांडीवर लोणच्याची बरणी.

"काय रे, हात दुखतायत?"

"मी विमानांचा मेकॅनिक आहे, आजी."

"मग तू तर दुप्पट वाजवायला हव्यात."

सकाळी सोफियात आदल्या फेरीच्या वैमानिकाने विमानाच्या नोंदवहीत तक्रार लिहून ठेवली होती: पुढचं चाक वळताना अडखळतं. मी ते वळवून पाहिलं. पाच वेळा शहाण्यासारखं वळलं. सहाव्या वेळी क्षणभर अडकलं. एखाद्या प्रामाणिक माणसाने विमान तिथेच रोखलं असतं. पण त्या दिवशी संत त्रिफोनचा सण, म्हणजे माझ्या नावाचा दिवस. न बोलावता गाव जेवायला येणार, बायको झ्लातिना पहाटेपासून कोबीच्या पानांत भात-खिमा गुंडाळत बसलेली, आणि घरी जायला विमान हे एकच. मी वहीत लिहिलं, 'तपासले, दोष आढळला नाही.' सही ठोकली आणि त्याच विमानात जाऊन बसलो. स्वतःच्या कामावर विश्वास असावा तर असा.

वेग असेपर्यंत शेपटीचं सुकाणू विमानाला सरळ ठेवतं. वेग उतरला की मदार पुढच्या चाकावर. वेग उतरला, आणि उजवीकडे वळायचं सोडून विमान डावीकडे सरकू लागलं. खालून करकर ऐकू आली. मधल्या वाटेत सगळे पिशव्या आणि वाइनच्या बाटल्या घेऊन उभे. हवाई सुंदरी "बसा, बसा" म्हणत होती. तिच्याकडे कोण बघतंय?

कागद माझ्या बाजूने होता. मी गप्प बसलो असतो तर भाग अचानक निकामी झाला, इतकंच ठरलं असतं. उभी माणसं मात्र एकमेकांवर आपटली असती. गप्प बसायची माझी फार इच्छा होती, खोटं कशाला बोलू?

मग त्सोना आजीही बरणी घेऊन उठल्या.

"खाली बसा सगळे!" मी ओरडलो. "या विमानावर सकाळी सही मी केलीय. पुढचं चाक वळत नाहीये."

त्या दिव्याला इतक्या वर्षांत जे जमलं नाही, ते माझ्या सहीने केलं. सगळे धपाधप बसले. ब्रेकचा दणका बसला आणि विमान डांबर सोडून गोठलेल्या गवतात नाक खुपसून थांबलं. बरणी फुटली, आजींचा अंगठा कापला. बाकी कुणाला ओरखडाही नाही. आणि मग पुन्हा टाळ्या.

दुपारी घर भरलं. त्सोना आजीही पत्ता काढून आल्या, नवी बरणी घेऊन. त्यांच्या मागोमाग चौकशी खात्याचे दोन साहेब. या दिवशी आलेल्याला परत पाठवायची रीत नाही, म्हणून झ्लातिनाने त्यांना ताटावर बसवलं. त्यातल्या थोरल्या साहेबांनी कोबीच्या तीन गुंडाळ्या संपवल्या आणि बोटं पुसली.

"वही व्यवस्थित आहे हो तुमची. फक्त एक सांगा. बाराव्या रांगेत बसून, विमान थांबायच्या आधीच, चाक वळत नाही हे तुम्हाला कळलं कसं?"

टेबलाभोवतीच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"अहो, मेकॅनिक आहे तो," त्सोना आजी म्हणाल्या. "आवाजावरून कळणारच की."

आयतं उत्तर मिळालं होतं. मी मान डोलावणार, तेवढ्यात त्यांच्या अंगठ्यावरची पट्टी दिसली. मला माझीच लाज वाटली.

"सहाव्या वेळी अडकलं होतं," मी म्हणालो. "सकाळीच."

झ्लातिनाचा हात पातेल्यावर थांबला. साहेबांनी खिशातून पेन काढून टेबलावर ठेवलं. पण आधी, रीतीप्रमाणे, त्यांनी माझ्या नावाने पेला उचलला.