माळ्याच्या नावाचे राक्षस

ज्याला खेळाच्या जगात सगळे 'माळी' म्हणत, त्याने उभ्या आयुष्यात एका कुंडीला पाणी घातलं नव्हतं. खिडकीतलं एकुलतं एक रोपटं बायकोच्या भरवशावर तग धरून होतं. माळ्याची बाग वेगळीच होती, हाताने घडवलेल्या चिमुकल्या मूर्तींची. बोटभर उंचीचे चालते बुंधे, दात विचकणारी फुलं, माणसाला गुंडाळून गिळणाऱ्या वेली. टेबलाभोवती बसून फासे टाकणारी आणि तेवढ्यापुरती स्वतःला योद्धे, मांत्रिक समजणारी मोठमोठी माणसं या राक्षसांवर जीव टाकत. त्यांत एक दातांचे डॉक्टरही होते. खेळ चालवणारा म्हणायचा, "दलदलीतून काहीतरी वर येतंय," आणि माळ्याचा राक्षस अलगद टेबलावर ठेवायचा. मग चांगली शहाणीसुरती माणसंही खुर्च्या मागे सरकवत.

अशा माणसाच्या नजरेच्या नेमका मधोमध डाग पडला. कडेचं दिसे, समोरचं दिसेना. बोलताना तो कोंबड्यासारखी मान वाकडी करून बघायला लागला. दाराची चौकट दिसे, चौकटीत उभी असलेली बायको दिसत नसे.

"तसा फार काही फरक पडलेला नाही," बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे आणि हसे. तिला सगळे वहिनीच म्हणत. तिच्या हसण्यात किती हसू होतं हे मोजायच्या भानगडीत कोणी पडलं नाही.

आहे तेवढी नजर टिकेल, असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. माळी म्हणाला, "माझ्या बोटांनाच डोळे आहेत," आणि पुन्हा कामाला बसला. पिवळी आणि निळी पुट्टी एकत्र मळून हिरवी करायची, तारेच्या सांगाड्यावर चढवायची, पाण्यात बोट बुडवून आकार द्यायचा, सुईने पानं कोरायची. आणि हे सगळं पुट्टी दगडासारखी घट्ट व्हायच्या आत. डोळे गेल्यानंतरचा पहिला राक्षस तयार झाला तेव्हा त्याचं तोंड गालावर ओघळलं होतं आणि एक डोळा छातीवर उतरला होता.

"कसा झालाय?" माळ्याने विचारलं.

वहिनीने खरं सांगायला तोंड उघडलंच होतं. पण त्याची ती वाकडी मान, तो कानांत प्राण आणून बसलेला चेहरा! पहिल्यांदा तिच्या घरी आला होता तेव्हाही हा माणूस इतका धास्तावलेला नव्हता.

"वा!" ती म्हणाली.

एका अक्षराचा खर्च, पण तो पुढे वाढतच गेला. तो राक्षस विकायला ठेवणं शक्य नव्हतं. विकला नाही असं सांगणंही शक्य नव्हतं. मग दुपारी माळी झोपला की वहिनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्याच कल्पनेचा दुसरा राक्षस घडवायला लागली. इतकी वर्षं त्याचा हात बघून तिचाही हात बसला होता. आली नव्हती ती त्याची चिकाटी. पानाची एकेक शीर सुईने उठवत बसायचा तिला कंटाळा येई. गल्लीतल्या फरशांच्या फटीत बारीक पानांचं तण उगवायचं. ती एक पान तोडायची आणि ओल्या पुट्टीवर दाबायची. क्षणात सगळ्या शिरा हजर. आपली हुशारी सांगायला कोणी नाही, एवढंच तिला वाईट वाटे.

भाऊजींना, म्हणजे माळ्याच्या धाकट्या भावाला, ठाऊक होतं. त्यांना सांगणं भागच होतं. साचे ते करत, साच्यात राळ ओतून प्रती ते काढत, रंगवणाऱ्यांकडे पार्सलं तेच पाठवत. माणूस मनाचा चांगला, पण वाया जाणारी वस्तू त्यांना बघवत नसे. चहाचं पाकीट उलटं करून, वर दोन टिचक्या मारून मगच फेकणार.

"दादाचे मूळ राक्षस जपून ठेवा हं," वहिनीने त्यांना बजावलं होतं. भाऊजींनी मान डोलावली होती.

हे सगळं निभावलं ते माळ्याच्या एका जुन्या खोडीमुळे. मूळ मूर्ती हातावेगळी झाली की त्याच्या दृष्टीने काम संपलं. प्रतींकडे तो डोळे धड होते तेव्हाही ढुंकून पाहत नसे. "त्या प्लास्टिकच्या पिलांना राळेचा वास येतो," म्हणायचा. मागणी वाढलीय, एवढं कानावर आलं की त्याला पुरे. सकाळी शीळ घालत दाढी करायचा आणि टेबलाशी जाऊन बसायचा. त्या शिळेसाठी वहिनी आणखी कितीही पानं दाबायला तयार होती. शीळ थांबली तर हा माणूस उठायचाच थांबेल, अशी तिची खात्री होती.

एका दुपारी खेळाच्या दुकानाचा मालक आला. जिना चढतानाच त्याचा आवाज सुरू झाला.

"माळीबुवा, एक तक्रार आहे. रागावणार नसलात तर सांगतो."

"तक्रार करायला आलात की चहा प्यायला?"

"दोन्ही! अहो, तुमचा तो नवा वेलींचा राक्षस. आमचे रंगवणारे वैतागलेत. रंग पुसून जवळजवळ कोरडा केलेला ब्रश वरून फिरवला की तुमच्या पानांच्या शिरा कशा फटकन उठून दिसायच्या! आता रंग लागतच नाही. शिरा आत गेल्यात तुमच्या!"

वहिनीच्या हातातली किटली जागच्या जागी थांबली. खऱ्या पानाची उंच शीर दाबली की पुट्टीत खड्डा पडणार. शिरा उंचच हव्यात, अर्धं रंगकाम आकारच करतो, हे नवऱ्याने तिला शंभरदा ऐकवलं होतं. नवऱ्याच्या बाकीच्या भाषणांसोबत तिने तेही या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं होतं.

"हा बघा, आणलाय," म्हणत दुकानदाराने रंगवलेला राक्षस पुढे केला.

"द्या इकडे, मी बघते," वहिनी घाईने म्हणाली.

"तू काय बघणार? राक्षस माझा आहे," माळी म्हणाला आणि त्याने हात पसरला.

त्याचा अंगठा पानावरून फिरला. नखाने एक शीर धरायला गेला, नख खाली घसरलं. दुसरं पान. तिसरं. मग अंगठा राक्षसाच्या पायांशी उतरला, खालच्या बैठकीवर आला, आणि तिथे बराच वेळ रेंगाळला.

"मुद्दाम," माळी म्हणाला.

"काय?"

"शिरा मुद्दाम आत घेतल्यात. पाण्यातलं झाड आहे ते. त्याला कोरडा ब्रश नाही लावायचा. पातळ रंग सोडायचा, तो आपोआप शिरांत उतरतो. सांगा तुमच्या लोकांना, जरा डोकं वापरा म्हणावं."

"कमाल आहे बुवा तुमची!" दुकानदार खूश झाला. चहा पिऊन, राक्षस तिथेच विसरून निघून गेला.

इतकं सफाईदार खोटं त्या घरात वहिनीलाही कधी जमलं नव्हतं. ती कप उचलत राहिली.

"खरं पान दाबलंस ना?" माळ्याने विचारलं.

"हो."

"कुठलं?"

"गल्लीतलं. फरशीच्या फटीतलं."

"हं. युक्ती चांगली आहे." तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "आणि माझे कुठे आहेत?"

"आहेत की! भाऊजींकडे जपून ठेवलेत सगळे."

"हा घे. त्याच्या पायाखाली बघ."

वहिनीने राक्षस उजेडात धरला. बैठकीवर जंगलाची जमीन होती: मुळं, सालीचे तुकडे, एक तुटकं पान. त्या पानाच्या शिरा उंच होत्या. शेजारी मातीत रुतल्यासारखं कोणाचं तरी अर्धं तोंड होतं, गालावर ओघळलेलं.

वहिनीने हाक मारली, तसे भाऊजी कामाचे हातमोजे घालूनच आले. राक्षस कोणाच्या हातात आहे ते बघितलं आणि दारातच थबकले.

"कपाटात जागा उरली नव्हती रे दादा," ते म्हणाले. "आणि साल काय सुंदर होती तुझी! टाकून द्यायला जीव होईना. म्हणून मग तुकडे करून बैठकींना लावले. लोकांना आवडतात अरे त्या बैठकी!"

"सगळे तोडलेस?"

"...सगळे."

"बरं. जा तू. तुझी राळ घट्ट होईल."

भाऊजी गेले. शिव्या खायची तयारी करून आलेला माणूस शिव्यांवाचून परतताना जसा दिसतो, तसे दिसत होते.

"त्यांनी तोडल्याचं मला खरंच माहीत नव्हतं," वहिनी म्हणाली.

"ते वाईट होते, हे माहीत होतं ना?"

"हो."

"मला नव्हतं." माळ्याने मान वाकडी केली, तिला नजरेच्या कडेला आणायला. "मी सुधारलो असतो. नसतोही. पण निदान वाईट राक्षसाशी झटलो असतो. मी तर रोज शीळ घालत होतो अगं!"

तिने आजवर खोट्याचा खर्च आपल्याच नावावर मांडला होता. त्यात त्याचंही काही गेलंय, हे तिच्या खिजगणतीतच नव्हतं.

दुकानदार येण्याआधी सुरू केलेला राक्षस टेबलावर होता, पुट्टी अजून मऊ होती. माळ्याने तो पुढ्यात ओढला. "बस इथे. कसा आहे हा?"

वहिनी बसली. आता हा उठून आत जाईल, भिंतीकडे तोंड करून पडेल आणि पुन्हा टेबलाशी येणार नाही, हे चित्र तिला लख्ख दिसत होतं.

"तोंड कळत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे तोंड आहे, पण पिशवी फाटल्यासारखं वाटतं."

माळ्याचे खांदे थोडे खाली आले. मग त्याने बोट पाण्यात बुडवलं. "आता?"

"आता दोन पिशव्या."

तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. "सरकवू कुठे? डावीकडे?"

"डावीकडे."

"तुझ्या का त्याच्या?"

"त्याच्या. थोडंसं. फार झालं. अहो, फार झालं म्हणते ना!"

"ओरडू नकोस. आता?"

असं चाललं, सुई पुट्टीत शिरेनाशी होईपर्यंत. मग माळ्याने हात काढून घेतले आणि काही न विचारता थांबला. राक्षस आधीपेक्षा बरा होता, पण चांगला नव्हता. तिला 'बरा' म्हणून सुटता आलं असतं.

"वाईटच आहे," वहिनी म्हणाली.

त्याने मान हलवली. "आणि तुझा? काल केला असशील ना एखादा?"

तिने पिठाच्या डब्यामागून आपला राक्षस आणला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. माळ्याने तो सावकाश चाचपला. जबडा, दात, कमरेला पडलेला वेलीचा पीळ. शिरांवरून अंगठा फिरवला.

"हा चांगला आहे," तो म्हणाला, आणि फडक्याला हात पुसायला लागला. हात कोरडे झाले तरी पुसतच राहिला.