वाढप्यांची पंगत

लंकावीचे बंदर मागे पडले आणि बोटीवर परतीची चाहूल लागली. आता मध्ये एकच अख्खा दिवस समुद्राचा होता, त्यानंतर सिंगापूर. जे प्रवासी पहिल्या दिवशी कठड्याशी जागा मिळवण्यासाठी धडपडत होते, ते आता त्याच कठड्याकडे पाठ करून एकमेकांचे फोन नंबर उतरवून घेत होते. तरण तलावाकाठच्या खुर्च्या दुपारीच रिकाम्या पडू लागल्या. मलाक्काच्या सामुद्रधुनीचे पाणी सपाट आणि करडे झाले होते, आणि त्यावर बोटीची लांबच लांब पांढरी रेघ मागे उमटून विरून जात होती.

बोटीच्या भोजनगृहात कामाला असलेल्या प्रज्योतला असे शेवट नवे नव्हते. दर दोन आठवड्यांनी तो एका नव्या जमावाला ओळखू लागे आणि ओळख पटते न पटते तोच त्याला निरोप देई. या वेळी मात्र निरोप वेगळा होता. सिंगापूरला त्याचा स्वतःचा करार संपत होता, आणि त्याच बोटीवर, सहाव्या मजल्यावरच्या एका खोलीत, त्याचे आईवडील प्रवासी म्हणून राहत होते. कंपनी नोकरदारांना घरची माणसे आणण्याची मुभा देई. ती मिळावी म्हणून त्याने दोन वर्षे अर्ज केले होते. आई, प्रभावती, यायला लगेच तयार झाली. वडील, सगुण, हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. पासपोर्टसाठी फोटो काढायला मात्र आपणहून पेडण्याला जाऊन आले.

सगुण गोव्यात, तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले होते. मुलाने सरकारी नोकरीत चिकटावे ही त्यांची इच्छा होती, आणि ती पुरी झाली नाही म्हणून त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. डिचोलीला दिलेल्या मुलीची, प्रियाची, चौकशी कुणी केली की ते जावयाचे सरकारी खाते, हुद्दा आणि त्याची बसायची जागासुद्धा सांगत. मुलाविषयी विचारले की म्हणत, ‘‘बोटीर आसा,’’ आणि लगेच यंदाच्या काजूला मोहोर किती आला यावर येत. रजेवर आला असताना प्रज्योतने दाराआडून हे एकदा ऐकले होते. त्या दोन शब्दांपुढे वडिलांनी तिसरा शब्द कधी ठेवला नाही. तो ठेवावा, एवढीच त्याची मागणी होती, आणि ती तोंडाने मागता येत नाही म्हणून त्याने त्यांना समुद्रावर बोलावून घेतले होते.

पहिल्याच संध्याकाळी भोजनगृहाच्या प्रमुख बाईने, मारिसेल या फिलिपिनो बाईने, मोठ्या आपुलकीने त्यांना प्रज्योतच्याच मेजांपैकी एक दिले. त्याच्याकडे सहा मेजे होती. त्याने आईवडिलांसमोर पाव ठेवला, पाणी ओतले, ताटे मांडली. आई प्रत्येक पदार्थ चाखून बघे आणि यात आमसूल घातले असते तर बरे झाले असते असे गंभीरपणे सांगे. वडील मात्र पाठ ताठ ठेवून बसत. त्यांची नजर मेजामेजांवरून, ताटाताटांवरून फिरत राही, उजव्या हाताची बोटे टेबलाच्या कापडावर अस्वस्थ हलत, आणि त्यांचे ताट जवळजवळ जसेच्या तसे परत येई. रोज. प्रज्योत ते ताट उचलताना त्यांच्याकडे पाहत नसे.

त्याने त्याचा अर्थ लावला होता. मुलगा परक्यांची उष्टी उचलतो हे ऐकणे वेगळे आणि डोळ्यांसमोर पाहणे वेगळे. लंकावीच्या आदल्या संध्याकाळी एका म्हाताऱ्या प्रवाशाच्या हातून सुपाचा वाडगा निसटला. प्रज्योत फडके घेऊन गुडघ्यांवर बसला, फरशी पुसली, म्हाताऱ्याच्या बुटावरचा थेंबही टिपला. उठताना त्याची नजर पलीकडच्या मेजाकडे गेली. वडिलांनी तोंड फिरवून घेतले होते, पार भिंतीकडे.

त्या रात्री आपल्या अरुंद बिछान्यात पडून त्याने ठरवले की उरलेले दिवस तरी त्यांनी सुखाने जेवावे. सकाळी त्याने मारिसेलला सांगून त्यांचे मेज बदलून घेतले. तिने विचारले, काही तक्रार आहे का. तो म्हणाला, तिथून समुद्र चांगला दिसतो.

संध्याकाळी एका इंडोनेशियन मुलाने सगुण आणि प्रभावतीला खिडकीजवळच्या नव्या मेजाशी नेले. प्रज्योतने दुरून पाहिले. वडील खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले, आईला काहीतरी विचारले, क्षणभर प्रज्योतच्या बाजूला बघितले आणि बसण्याआधीच वळून दालनाबाहेर गेले. त्याच्या हातात त्या वेळी चार ताटे होती. ती त्याने नीट, न हिंदकळता, ज्याची त्याला पोचवली. एवढे मात्र त्याला चांगले जमत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या न्याहारीनंतर, थोडी उसंत होती तेव्हा, प्रभावती त्याला शोधत वरच्या डेकवर आली. साडीवर स्वेटर आणि पायांत प्रियाने दिलेले पांढरे बूट, असा तिचा बोटीवरचा वेष ठरून गेला होता. ती कठड्याला टेकली आणि सरळ विषयाला आली.

‘‘काल तेंका थंय कित्याक बसयलंस?’’

त्याने समुद्राचे कारण सांगितले.

‘‘समुद्र बघूक ते हंय आयलेत? केरीच्या किनाऱ्यार जाऊन बघले असते.’’

मग त्याला खरे ते सांगावे लागले. बोलताना तो पाण्याकडे पाहत होता. बाबांना लाज वाटते, तो म्हणाला. त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही, हे त्याला रोज दिसते. त्या सुपाच्या दिवशी तर त्यांना पाहवलेही नाही. त्याने वळून पाहिले तर आई हसू दाबत होती, आणि डोळे मात्र भरलेले होते.

‘‘पिशा,’’ ती वेड्याला समजवावे तशी म्हणाली, ‘‘देवळात जेवण असलां की ते केन्ना पयल्या पंगतीक बसलेले बघलंस तू?’’

त्याने आठवून पाहिले. गावी, पार्शाच्या भगवतीच्या देवळात महाप्रसाद असला की भाताचे पातेले सगुणांच्या हाती असे. धोतराचा काचा मारून, घामाने निथळत, ते पंगतीमागून पंगत वाढत जात. सारा गाव जेवून हात धुऊन उठला, की सगळ्यांत शेवटी वाढप्यांची पंगत बसे, आणि तिच्यात उरलेसुरले हसत वाटून घेत ते जेवत. हे इतक्या वर्षांचे होते की गावात कुणाला त्याचे काही वाटत नसे. त्यालाही वाटले नव्हते.

‘‘चाळीस वर्सां वाढल्यात तेणी,’’ आई म्हणाली. ‘‘आता तू वाढतलंस आणि ते बसून जेवतले? घास तोंडात फिरता तेंच्या. रोज माका विचारतत, तो केन्ना जेवता, आमच्या आदी काय मागीर. माका काय ठावक?’’

आणि त्या दिवशी तोंड का फिरवले, हेही तिने सांगितले. प्रज्योत फडके घेऊन वाकला तेव्हा सगुण खुर्चीवरून उठून त्याच्या मदतीला निघाले होते. तिनेच त्यांचा हात धरून खाली बसवले, इथे तसे करू नये म्हणून. त्यावर ते चिडले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. रागावले होते ते तिच्यावर. कालही खोलीत जाऊन एवढेच म्हणाले, की पोराने मला पंगतीतून उठवले.

प्रज्योतने कठडा घट्ट धरला. वडिलांच्या मौनाचा अर्थ लावण्यात त्याची सारी वर्षे गेली होती, आणि त्याला वाटत असे की त्यांची भाषा त्याच्याइतकी कुणाला येत नाही.

तो मारिसेलकडे गेला आणि या वेळी खोटे बोलला नाही. तिने सारे ऐकून घेतले. मेज परत दिले, आणि वर म्हणाली की दुपारी दालन रिकामे झाल्यावर रात्रीची मांडणी सुरू होईपर्यंत थोडा वेळ असतो. तेवढ्यात कोपऱ्यातल्या मेजाशी कोण बसले आहे हे तिला दिसणार नाही, तिला समुद्र बघायचा आहे.

दुपारच्या जेवणाला सगुण आपल्या जुन्या जागी येऊन बसले. पुढ्यातले ताट त्यांनी हलकेच बाजूला सारले आणि ‘‘माका मागीर,’’ एवढेच म्हणाले, सगळ्यांचे झाल्यावर. प्रज्योतने मान डोलावली. त्या दुपारी तो सहाही मेजांवरून असा फिरला, की पाय फरशीला लागतात की नाही हे त्याचे त्यालाच कळले नाही. कुणाचा पेला रिता राहिला नाही, कुणाला मान वळवून शोधावे लागले नाही. पाठीमागून एक नजर आपल्याबरोबर चालते आहे हे त्याला ठाऊक होते, आणि पहिल्यांदाच ती जड वाटत नव्हती.

दालन ओस पडले. खिडक्यांतून तिरपे ऊन रिकाम्या मेजांवर येऊन बसले. प्रज्योत खाली खलाशांच्या भोजनखोलीत गेला आणि तीन ताटांतून भात आणि माशांची कढी घेऊन आला. गणवेशातच तो वडिलांच्या समोर बसला. सगुणांनी चमचा बाजूला ठेवला, बाह्या वर केल्या आणि हाताने भात कालवला. ते जेवले, सावकाश, मन लावून, दिवसभर राबलेल्या माणसासारखे. जेवताना ते विचारत राहिले. शेवटच्या मेजापर्यंत पोचेतो कढत पदार्थ निवतो का? वाढपी कमी पडले तर कोण धावते? एखाद्याला आणखी हवे आहे आणि तो लाजतो आहे, हे कसे ओळखायचे? प्रज्योत म्हणाला, असा माणूस काटे-चमचे सारखे जुळवत बसतो. सगुणांनी त्यावर विचार केला आणि म्हणाले की पंगतीत तो पानावरचे मीठ बोटाने सारखे करत बसतो. दोघे एकाच धंद्यातली माणसे बोलावीत तसे बोलत होते. प्रभावती आपला भात जेवत दोघांकडे पाहत राहिली.

‘‘हात बरो आसा तुझो,’’ शेवटी सगुण म्हणाले.

गावात हे शब्द त्यांनी फार थोड्या वाढप्यांविषयी उच्चारले होते. प्रज्योतने आपल्या ताटातला भात त्यांच्या ताटात वाढला, आणि ते नको म्हणाले नाहीत.

तरीही सिंगापूरच्या धक्क्यावर उतरताना, सामानाच्या फिरत्या पट्ट्यापाशी थांबताना, बंगळुरूला विमान बदलताना, त्याच्या मनाच्या तळाशी एक शंका होतीच. परमुलखात, रिकाम्या दालनात जे बोलले गेले, ते समुद्रावरच राहून जाते का? वडील विमानात मिटल्या ओठांनी खिडकीतून बघत राहिले. मोपाच्या विमानतळावर उतरल्यावर पठाराचा लाल रंग, काजूची झाडे, वाऱ्याचा ओळखीचा खारट उबारा अंगावर आला आणि त्याला भीतीच वाटली. इथे वडील पुन्हा पूर्वीचे होतील. इथे काजूचा मोहोर आहे, जावयाचा हुद्दा आहे आणि ते दोन शब्द आहेत.

पेडण्याच्या बाजारात सगुणांनी टॅक्सी थांबवली. इतके दिवस परक्या चवीवर काढले, आता भाजीपाव खाल्ल्याशिवाय घरी जायचे नाही, असे त्यांनी जाहीर केले. हॉटेलात दाराजवळच्या बाकावर शंभू बसला होता. तुयेच्या कारखान्यात दोघांनी वीस वर्षे एकत्र काढली होती, आणि समोरच्याचे दुखरे ठिकाण नेमके हेरून तिथेच बोट ठेवण्यात शंभूचा हातखंडा होता.

‘‘काय सगुण,’’ तो आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, ‘‘जग फिरून आयलंस. चिरंजीवांक आता कप्तान म्हणूचां काय?’’

दोन-चार माणसे हसली. प्रज्योतने पुढ्यातल्या बशीकडे पाहिले. आता काय येणार हे त्याला पाठ होते, आणि ते सोसायला त्याने खांदे आवळून घेतले. सगुणांनी पावाचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, खाल्ला. मग हात पुसून शंभूकडे वळले.

‘‘कप्तान बोट चलयता. ह्यो लोकांक वाढता.’’

‘‘म्हणजे वेटर?’’

‘‘वेटर,’’ सगुण म्हणाले. ‘‘मी बसून बघून आयलंय, शंभू. पार्शात आजून असो वाढपी झालो नाय, आणि तेच्यात मीय आयलंय. दोनशे माणसां एकटो सांभाळता.’’

प्रज्योतने मान वर केली. दोनशे नव्हती, सहा मेजे होती, फार तर तीस माणसे. तो बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात बाकाखालून आईच्या पांढऱ्या बुटाने त्याचा पाय दाबला. सगुण थांबायला तयार नव्हते. चार ताटे एका हातावर कशी पेलायची, हे ते बशा घेऊन दाखवत होते. म्हाताऱ्याच्या हातून सूप सांडले तेव्हा पोराने त्याला शरमिंदा होऊ न देता कसे निभावले, हे त्यांनी इतक्या बारकाव्याने सांगितले की शंभूही चहा पिणे विसरला. गल्ल्यावरचा माणूस उठून जवळ आला. मासळीची पिशवी घेऊन चाललेला कुणी ओळखीचा दारात थबकला, आणि काय झाले म्हणून विचारू लागला.

बाहेर टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. कुणी उठले नाही. सगुणांनी दारातल्या माणसाला बाकावर सरकून जागा करून दिली आणि गोष्ट पहिल्यापासून सुरू केली. या खेपेला माणसे तीनशे झाली होती. प्रज्योतने पाठ सरळ केली, लाजेने लाल झालेला चेहरा लपवला नाही, आणि वडिलांना बोलू दिले.