हात घट्ट धरा

त्या आठवड्यात क्षमाच्या फोनवर रोज तीन-चार तरी तसले मेसेज यायचे. मुलं पळवणारी टोळी शहरात शिरली आहे, म्हातारी माणसं पुढे करतात, चॉकलेट दाखवतात आणि गाडीत घालून नेतात. कधी सोबत एखादा धूसर फोटो असायचा, कधी नुसताच कुण्या बाईचा घाबरलेला आवाज. खरं काय, खोटं काय, कोणालाच माहीत नव्हतं. क्षमालाही नव्हतं. पण घरात सात वर्षांची मुलगी असली की खोट्या बातमीचीही भीती खरीच वाटते.

त्यातून जागा नवी. लग्न होऊन ती आली त्याच्याही आधीपासून हे कुटुंब रायपूरच्या जुन्या वस्तीत, तात्यापाऱ्यात राहत होतं. तिथं तिच्या सासऱ्यांना, बाबारावांना, अख्खा पारा, म्हणजे सगळा मोहल्ला, ओळखायचा. रेल्वेतून निवृत्त झालेला, जरा कमी ऐकू येणारा, रस्त्यात भेटेल त्याला थांबवून गप्पा मारणारा म्हातारा. वर्षभरापूर्वी तेलीबांधा तलावाच्या मागच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि ते सगळं मागे राहिलं. इथं शेजारच्या दाराआड कोण राहतं तेही धड माहीत नव्हतं. नवरा शेखर उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात. सकाळी जायचा तो अंधार पडल्यावरच यायचा.

म्हणून क्षमानं आपल्या परीनं तयारी केली. जेवायला बसलं की ती श्रावणीला विचारायची, "कोणी हात धरून ओढलं तर काय करायचं?"

"चिल्लाना है," श्रावणी म्हणायची. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं. "छोड़ो मुझे! आप मेरे कौन हो? मुझे नहीं जाना!"

"अजून मोठ्यानं."

श्रावणी बेंबीच्या देठापासून ओरडायची आणि बाबाराव पोळीचा घास हातात धरून हसायचे. "अवं, भांडे पडतीन मांडणीवरचे!"

गुरुवारी दुपारी क्षमा नवा रायपूरच्या ऑफिसात होती. तीनच्या सुमारास कांताबाईचा फोन आला. कांताबाई घरी स्वयंपाक करायची आणि साडेतीनला शाळेच्या व्हॅनमधून श्रावणीला उतरवून वर आणायची. "दीदी, राशनकार्ड के लाइन में खड़ी हूं, आज देर होगी." पाठोपाठ व्हॅनवाल्याचाही मेसेज आला. कॉलनीच्या गल्लीत नालीसाठी रस्ता खोदला होता. व्हॅन आत येणार नव्हती, मुलांना चौकात उतरवणार होती.

क्षमानं घरी फोन लावला.

"बाबा, आज श्रावणीला घ्यायला तुम्ही जाता का? व्हॅन चौकातच थांबणार आहे."

"जातो न. त्यात काय."

"कानात मशीन घाला. आणि तिचा हात घट्ट धरा. रडली, हट्ट केला, काही झालं तरी सोडायचा नाही. आजकाल काय काय ऐकू येतं, माहीत आहे ना तुम्हाला?"

"हव, हव. नाही सोडत. तू काम कर तुयं."

पावणेचारला तिनं पुन्हा फोन केला. घंटी वाजत राहिली. बाबांना ऐकू गेलं नसेल, असं मनाशी म्हणून तिनं पाच मिनिटं कशीबशी काढली. मग परत. मग परत. चौथ्या वेळी फोन उचलला गेला आणि एकदम गलका कानात शिरला. खूप माणसं, गाड्यांचे हॉर्न, आणि त्या सगळ्यात कुठंतरी श्रावणीचं रडणं.

"बाबा? बाबा!"

"कौन बोल रही है?" एक तरुण, अनोळखी आवाज. "इस बुड्ढे की कौन लगती है तू?"

क्षमा खुर्चीतून उठली. तिनं टेबलाची कड धरली. "बहू हूं मैं उनकी. आप कौन हो? मेरी बेटी क्यों रो रही है?"

"तेरी बेटी?" तो दुसऱ्या कुणाला तरी ओरडून म्हणाला, "सुन, गैंग वाली का फोन है. बोल रही है मेरी बेटी है!" आणि फोन बंद झाला.

समोर बसणाऱ्या कौमुदीनं तिचा चेहरा बघितला आणि काही न विचारता गाडीची किल्ली उचलली. दोघी जिना धावतच उतरल्या. गाडीत बसताच क्षमानं कांताबाईला फोन लावला. कांताबाई परतीच्या ऑटोत होती, चौक अजून थोडा लांब होता. क्षमाला नीट वाक्यही जुळवता येईना. "बाबांना घेरलंय... बाबा को घेर लिया है लोगों ने, कांताबाई, जल्दी जाओ." पुढचं कांताबाईनं ऐकलंच नाही. फोनमधून तिचं ऑटोवाल्यावर ओरडणं ऐकू आलं फक्त.

नवा रायपूरचा रस्ता रुंद आणि मोकळा. कौमुदी गाडी पळवत होती, तरी क्षमाला वाटत होतं गाडी जागच्या जागी उभी आहे. गेल्या आठवड्यात मेसेजमधून आलेलं एकेक दृश्य तिच्या डोळ्यांपुढून जात होतं. खांबाला बांधलेला कुणी माणूस. वर उचललेली चप्पल. ती दृश्यं बघताना तिला एकदाही वाटलं नव्हतं, की हा माणूस कुणाचा तरी सासरा असेल.

तिनं बाबांच्या नंबरवर व्हिडिओ कॉल लावला. दोनदा कापला गेला. तिसऱ्यांदा कुणीतरी उचलला.

आधी दिसलं ते आभाळ, मग माणसांच्या कोपरांची गर्दी, मग बाबा. चष्मा नव्हता. ओठ फुटला होता आणि पांढऱ्या सदऱ्यावर रक्ताचे थेंब होते. कुणीतरी त्यांची मान मागून धरली होती. ते कॅमेऱ्याकडे नाही, भलतीकडेच बघत होते आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "नात आहे माही. माही नात आहे." त्यांच्या भोवतीच्या कुणालाही ते समजत नव्हतं.

"भैया, वो मेरे ससुर हैं!" क्षमा ओरडली. "बच्ची को दिखाओ! मेरी बच्ची को फोन दिखाओ!"

चित्र हललं. श्रावणी दिसली. एका बाईनं तिला कडेवर उचलून धरलं होतं आणि ती हुंदके देत होती. पडद्यावर आई दिसताच ती किंचाळली, "मम्मा! दादाजी को मार रहे हैं!"

क्षणभर गलका कमी झाला. एक जण म्हणाला, "अरे यार, सच में दादा है क्या?" तेवढ्यात दुसरा म्हणाला, "बच्ची तो खुद चिल्ला रही थी. हमने कान से सुना है." आणि परत धक्काबुक्की सुरू झाली. फोन कुणाच्या तरी हातातून निसटला. पडदा काळा झाला, आवाज मात्र येत राहिले. त्या आवाजांतच क्षमाला कांताबाईचा खणखणीत आवाज ऐकू आला. बाबांना हात लावायचा नाही, आधी मला मारा, असं ती छत्तीसगढीत ठणकावत होती.

"हाथ झन लगाबे! ये हमर बाबा आय! मैं इंखर घर मा रांधथंव! पहिली मोला मार, तब बाबा ला मारबे!"

क्षमा पोचली तेव्हा पोलिसांची गाडी आली होती आणि गर्दी पांगली होती. मघाशी पन्नास-साठ माणसं होती म्हणतात. आता चहाच्या टपरीवर चार-दोन जण मान खाली घालून उभे होते. बाबाराव फुटपाथवर बसले होते. कांताबाई पदरानं त्यांचा ओठ पुसत होती. तिच्याही गालावर ओरखडा होता. श्रावणी त्यांच्यापासून हातभर लांब, भिंतीला पाठ लावून उभी होती.

काय झालं होतं ते त्या तिघांकडून तुकड्या-तुकड्यांनी कळलं. श्रावणीची चित्रकलेची वही व्हॅनमध्ये राहिली होती. व्हॅन पुढच्या सिग्नलला थांबलेली दिसत होती आणि तिला तिकडे धावायचं होतं. बाबारावांनी हात सोडला नाही. ती जितकी ओढायला लागली तितका त्यांनी तो आवळला. मनगट दुखायला लागलं तेव्हा ती चिडून, आईनं शिकवलं होतं तसं, बेंबीच्या देठापासून ओरडली. छोड़ो मुझे. आप मेरे कौन हो. दोन मोटारसायकली थांबल्या. कुणीतरी विचारलं, बच्ची कौन है तेरी? बाबारावांच्या कानातली मशीन पहिल्याच धक्क्यात पडली होती. त्यांना प्रश्न कळला नाही. त्यांनी घाबरून मराठीतच काहीतरी सांगितलं आणि हात तेवढा सोडला नाही.

दवाखान्यात ओठाला दोन टाके पडले. डाव्या मनगटाचं हाड तडकलं होतं, त्यावर प्लास्टर चढलं. शेखर कारखान्यातून थेट तिथं आला. तो वडिलांच्या पायाशी बसून राहिला. मग एकदम उठला. "चला ठाण्यात. एकेकाचं नाव काढतो."

बाबारावांना ऐकू गेलं नसावं. क्षमानं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं.

"नको रे शेखर," ते म्हणाले. "ते कुठं राहतात ते आपल्याले नाही माहीत. आपण कुठं राहतो ते त्यायले माहीत झालं आता."

संध्याकाळी कॉलनीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. खाली लिहिलं होतं, 'तेलीबांधा में बच्चा चोर पकड़ाया, सावधान रहें.' त्यात बाबांचा चेहरा स्वच्छ दिसत होता. त्याखाली सतरा अंगठे होते आणि 'शाबाश' लिहिणाऱ्यांत खालच्या मजल्यावरच्या यशवंतरावांचं नाव होतं. रोज लिफ्टमध्ये नमस्कार करणारे यशवंतराव. त्यांनी माणूस ओळखला नव्हता. किंवा बघितलाच नव्हता.

क्षमानं लिहिलं, 'हे माझे सासरे आहेत. फ्लॅट ३०४. मुलगी त्यांची सख्खी नात आहे. घट्ट हात धरायला मीच सांगितलं होतं.' तेच तिनं हिंदीतही लिहिलं. मग एकेक अंगठा नाहीसा झाला, व्हिडिओ पुसला गेला. यशवंतराव वर आले आणि दारातच हात जोडून उभे राहिले. पण तोवर तो व्हिडिओ कुठल्या कुठे गेला होता. दुसऱ्या दिवशी शेखरच्या बहिणीचा नागपूरहून फोन आला. तिनं विचारलं, "हे बाबांसारखंच कोण दिसते रे?"

त्यानंतर बाबाराव घराबाहेर पडले नाहीत. खाली बाकावरही गेले नाहीत. दाराची बेल वाजली की बसल्या जागी ताठ व्हायचे. त्यांना बेल ऐकू यायची नाही, पण बाकीचे उठले की कळायचं. श्रावणी त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत जायची आणि परत यायची. एका सकाळी वेणी घालून घेताना ती म्हणाली, "मम्मा, मैं चिल्लाई, इसलिए मारा ना?"

क्षमानं तिला आपल्याकडे वळवलं. "नाही ग. तू मी शिकवलं तेच केलंस. आजोबांनीही मी सांगितलं तेच केलं. चुकलं ते माझं."

"तो अब चिल्लाना नहीं है?"

'ओरडायचं नाही' कसं सांगणार? आणि 'ओरड' तरी कसं म्हणणार? "ओरडायचं," क्षमा म्हणाली. "पण आजोबांवर नाही." एवढंच. मुलीला ते पटलं की नाही, कळलं नाही. त्या दिवशी शाळेतून आल्यावर मात्र ती दारापाशी थांबली नाही. आत गेली, आजोबांच्या पलंगावर बसली आणि प्लास्टरवर स्केचपेननं एक मासा काढायला लागली. बाबारावांनी हात हलवला नाही. मासा पूर्ण होईपर्यंत त्यांनी श्वासही जपून घेतला.

तीन आठवड्यांनी प्लास्टर निघालं. कानाची नवी मशीन घ्यायला क्षमा सुट्टी काढून त्यांना सदर बाजारात घेऊन गेली. ते नको-नको म्हणत होते, पण मशीन त्यांच्याच कानात बसवून बघायची होती. बाजारात नेहमीसारखी दाटी, स्कूटर-मोटारसायकलींची एकमेकींना घासत चाललेली रांग. बाबाराव तिच्या अगदी मागे, भिंतीच्या कडेनं चालत होते. रुमालानं सारखं तोंड पुसत होते. क्षमाच्या लक्षात आलं, ते पुसत नव्हते, झाकत होते.

काम झालं. मशीन लागली. परत येताना एका कापडाच्या दुकानातून तीनेक वर्षांचा पोरगा एकटाच बाहेर आला आणि हातातल्या फुग्याकडे बघत पायरी उतरून सरळ रस्त्यात गेला. बाबाराव त्याच्यापासून दीड हातावर होते. डावीकडून स्कूटर येत होती. क्षमानं बघितलं, बाबांचा हात पुढे झाला आणि मधेच थांबला. मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

ती स्वतः तरी कुठं धावली? आधी ती ओरडली, "किसका बच्चा है ये? अरे, किसका बच्चा है?" सगळ्या दुकानदारांना ऐकू जावं, सगळ्यांनी आपल्याकडे बघावं, म्हणून ओरडली. आणि मग तिनं त्याचं बखोट धरलं.

स्कूटर करकचून थांबली, पोराच्या गुडघ्यापासून वीतभर लांब. दुकानातून एक बाई धावत आली, तिनं पोराला उचलून पोटाशी धरलं, क्षमाकडे आणि मग बाबांकडे बघितलं. नुसतंच बघितलं. मग "थैंक्यू दीदी" म्हणून आत गेली.

बाबाराव भिंतीला टेकून उभे होते. कपाळावर घाम होता आणि हात अजून पाठीमागेच होते. नव्या मशीनमधून त्यांना आता सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, पाणी देऊ?"

त्यांनी मान हलवून नको म्हटलं. मग दुकानाच्या दाराकडे बघत हळूच म्हणाले, "बाई चांगली होती. काही बोलली नाही आपल्याले."