कालवाची जखम

बोट

शहरबानूने कोयतीचं टोक कालवाच्या फटीत घातलं, मनगट फिरवलं आणि कोयती निसटली. शिंपल्याची धार डाव्या तर्जनीत रुतली.

समोर बसलेल्या शेजारच्या मनुबाईने हातातलं कालव टोपलीत टाकलं. सकाळच्या ओहोटीला तिनेच ती कालवं खडकावरून काढून आणली होती आणि यूनुस घरात नाही असं बघून टोपली शहरबानूच्या मागल्या पडवीत उतरवली होती.

"आता तुझा नवरा माझ्या नावानं शंख करणार," मनुबाई म्हणाली. "तुला कालवांची मनाई हाय ना?"

"खायची न्हाय. बोट कापून घ्यायची."

"मग तेवढं तरी ऐकायचंस."

शहरबानू हसली. तांब्यातल्या पाण्याची धार तिने बोटावर धरली. दुखण्याचं काही नव्हतं. आता ही जखम किती दिवस मुक्काम करणार, याचाच तिला कंटाळा आला होता.

त्याआधीचं बोट

त्याच हाताचा अंगठा. गेल्या वर्षीचा.

लहानपणापासून कालवांनी तिची बोटं कापली होती. हळद दाबायची आणि कामाला लागायचं. एका उधाणाला कापलेलं बोट पंधरा दिवसांनी येणाऱ्या पुढच्या उधाणापर्यंत विसरूनही जायचं. पण आतड्यातल्या गाठीवर औषध सुरू झालं आणि अंगठ्यावरचा एवढासा काप मिटेना. उधाणामागून उधाण गेलं. यूनुस रोज संध्याकाळी चष्मा लावून पट्टी बदलायचा आणि मान हलवायचा.

शेवटी जुनेराने समजावलं. लेक नवी मुंबईत प्रयोगशाळेत नोकरीला. दर शनिवारी घरी यायची. तिने आईचा हात मांडीवर घेतला. गाठीला वाढायला रक्त लागतं, ती म्हणाली, म्हणून गाठ आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांना हाक मारते. मग त्यांना नवे फाटे फुटतात आणि तिच्यापर्यंत पोचतात. हे औषध म्हणजे एक प्रथिन. ते ती हाकच मध्ये पकडतं. फाटा फुटत नाही, गाठ उपाशी राहते. असली प्रथिनं शरीर स्वतःही बनवतं, तुझ्यात ती पुरी पडली नाहीत म्हणून बाहेरून द्यायची.

"आणि अंगठ्यानं काय केलंय?"

"जखम भरायलाही नवे फाटे लागतात, अम्मी. गाठ कुठली आणि जखम कुठली, हे औषधाला कळत नाही."

शहरबानूने थोडा विचार केला.

"म्हंजे जखम भरत न्हाय, तवर औषध काम करतंय."

जुनेरा हसली होती. "असंच समज."

त्या दिवसापासून शहरबानूने ती जखम लाडाने सांभाळली. मनुबाईला पट्टी सोडून दाखवायची. बघ, अजून उघडी हाय. जशी काही नवी बांगडी.

पेटी

यंदा ईदनंतर पनवेलच्या मोठ्या इस्पितळात गाठीचे फोटो काढले. बाप-लेक डॉक्टरांच्या खोलीत गेली, ती बाहेर बाकावर बसून राहिली. दोघं बाहेर आली तेव्हा यूनुसचे डोळे लाल होते. आत एसी फार होता, तो म्हणाला. जुनेरा म्हणाली, सगळं ठीक आहे, आता एवढ्या लांब यायला नको, हेच औषध अलिबागच्या दवाखान्यात लावतील.

शहरबानूला बरंच वाटलं. महामार्गावरचे धक्के सुटले.

पूर्वी औषधाची कुपी यूनुस बर्फाच्या पेटीतून न्यायचा. ज्या पेटीतून तो व्यापाऱ्याला पापलेट पोचवायचा, तीच पेटी, तिखट साबणाने घासून घासून धुतलेली. आता ती पडवीत उपडी पडली होती आणि तिच्यावर कोंबडी बसायची. औषध आता डॉक्टरच आणून ठेवतो, यूनुस म्हणाला होता.

औषध सुरू झाल्यापासून तिच्या नाकातून अधूनमधून रक्त यायचं, तेही थांबलं. तिने शुकराण्याची, आभाराची नमाज पढली.

पुन्हा बोट

शनिवारी ऊन उतरताना यूनुस पट्टी सोडायला बसला. मनुबाईला शिव्या घालून झाल्या होत्या. शेवटचा वेढा सुटला आणि त्याचा हात थांबला. तर्जनीवर फक्त एक गुलाबी रेघ होती.

"भरली की," तो म्हणाला. होडी भरून आल्यावर उजळायचा तसा त्याचा चेहरा उजळला. त्याने जुनेराला हाक मारली. "ये, बघ तुझ्या अम्मीचं बोट. गेल्या वेळी केवढं छळलं होतं. पुढचं उधाणसुद्धा आलं न्हाय अजून."

जुनेरा ओढणीला हात पुसत आली. तिने बोट हातात घेतलं. दाबून पाहिलं. मग नुसतीच धरून राहिली.

शहरबानू बोटाकडे बघतच नव्हती. ती लेकीच्या तोंडाकडे बघत होती. पेटीवरची कोंबडी उतरली, अंगणात गेली.

"नाही, अब्बा," जुनेरा म्हणाली. "वरून सुकलीय नुसती. आतून ओली आहे."

तिने नवी पट्टी घेतली आणि कोरड्या बोटावर एकेक वेढा नीट बसवत बांधली. यूनुसने चष्मा काढला. असं होय, म्हणाला. त्याला वाटलं होतं... तो पुटपुटत उठला. खोटं बोलण्यात तोही होता, पण बोट भरण्याचा अर्थ काय, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

ते ह्या दोघींनाच ठाऊक होतं.

दर मंगळवारी अलिबागला जी थेंब थेंब अंगात जाते, त्या पिशवीत मग असतं काय? शहरबानूने गाठ बांधून होईपर्यंत बोट लेकीच्या हातात राहू दिलं.

मंगळवार

जुनेराने रजा घेतली होती. फाटकापाशी रिक्षा उभी होती, यूनुस पाण्याची बाटली घेऊन आत बसलाही होता.

शहरबानू पायरीवर बसली होती. अंगावर बाहेर जायची साडी, डोक्यावर पदर. पट्टी सोडून, गुंडाळून मांडीवर ठेवलेली.

"अम्मी, चल. उशीर होतोय."

तिने बोट पुढे केलं. गुलाबी रेघसुद्धा आता शोधावी लागत होती.

"आधी ही बांध," ती म्हणाली. "आतून ओली हाय ना."

जुनेरा खालच्या पायरीवर टेकली. तिने पट्टीचं टोक शोधलं, बोटावर धरलं, एक वेढा घेतला. दुसरा घेतला. मग तिचे हात थांबले.

बाहेरून यूनुसने हाक मारली.

शहरबानूने बोट तसंच पुढे धरून ठेवलं.