सात दगडांची पाटी

राष्ट्रीय उद्यानातली ही वाटाडी बाई पाटी न वाचता बोलायची. वाचायची गरजच नव्हती. पाटी तिनेच लिहिली होती.

"मुलांनो, हे सात दगड बघा. प्रत्येकात खोल खळगा आहे. दोन हजार वर्षांपूर्वी यात तेल जाळून लोक आकाशाची पूजा करत."

शाळेतली वीस मुलं वहीत भराभर उतरवून घेत होती. घोळक्यामागे तिच्या सासूबाई उभ्या होत्या. सून काय काम करते ते बघायला आज पहिल्यांदाच आल्या होत्या. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण त्यांनी उद्यानात पाऊल ठेवलं नव्हतं. बोलावलं की गुडघे दुखायचे.

आता मात्र त्या सरळ पुढे आल्या आणि कडेच्या दगडाशी बसल्या.

"आई, हात नका लावू. नियम आहे."

"माझ्याच उखळाला?"

मुलं खुदकन हसली. वाटाडीही हसली, पण अर्धवट. सासूबाईंनी डाव्या हाताची मूठ खळग्यात घातली. खळगा डावीकडे कलता झिजला होता आणि मूठ त्यात नेमकी बसली. सासूबाई डावखुऱ्या होत्या.

"आम्ही सात जावा. आधी एकच उखळ होतं, रोज भांडणं. मग सासऱ्यांनी वैतागून सात खोदली. उद्यान झालं, गाव खाली उतरलं. एवढं ओझं कोण नेणार?"

गाव डोंगरावर होतं, एवढंच वाटाडीने घरात ऐकलं होतं. डोंगरावर कुठे, हे कधी विचारलं नव्हतं. आणि पाटी? अभ्यासकांच्या अहवालात 'पूजेची जागा असावी' असं होतं. पाटीवर ओळ मावेना, म्हणून तिने 'असावी' काढून 'आहे' लिहिलं होतं. पुढे साहेबांनी त्याच पाटीसाठी तिचं भर सभेत कौतुक केलं होतं.

"तुम्ही बोलला का नाहीत?" तिने विचारलं.

"तू विचारलंस कधी? आणि वर यायचं म्हणजे, आपल्याच घरात तिकीट काढून शिरायचं." सासूबाईंनी खळग्यातला पाला काढला. "पण राखलीत हो नीट. खाली नेली असती तर एव्हाना कुणाच्या तरी पायरीत चिणली असती."

चष्मेवाल्या मुलीने पेन्सिल थांबवली. "बाई, मग खरं काय?"

गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. म्हातारं माणूस, काहीतरी बोलतं; मुलं बसमध्ये चढेपर्यंत विसरली असती. वाटाडीने पाटीकडे पाहिलं, मग त्या डाव्या मुठीकडे. उखळात डोकं घातलंच होतं, आता मुसळाला काय भ्यायचं?

"मी चुकीचं सांगितलं," ती म्हणाली. "पाटीही चुकली आहे, आणि ती मीच लिहिली आहे. साहेबांना मी आजच कळवते."

"मग वहीतलं?"

"खोडा."

वीस खोडरबरं कागदावर घासू लागली. वाटाडी सासूबाईंशेजारी जमिनीवर बसली.

"सांगा आई. हे पहिलं कुणाचं?"

"थोरलीचं," सासूबाई म्हणाल्या. "कजाग बाई. लिहा रे."