पाचवं कामून

"दोनशे बारा," ह्यांनी वाचलं. मग मीटर उजेडात धरलं आणि पुन्हा वाचलं, "दोनशे बारा."

मी गॅसजवळ उभी होते, तिथंच उभी राहिले. भोपळ्या ह्यांच्या मांडीवर ऐसपैस पसरला होता. कान टोचून घेतल्याबद्दल त्याला रोज उकडलेल्या चिकनचा एक तुकडा मिळतो, त्याची तो वाट बघत होता. आकडा किती आला याचं त्याला काही सोयरसुतक नव्हतं.

"काल सकाळी किती होतं?" ह्यांनी विचारलं.

"तुमच्या कागदावर असंल की."

कागद फ्रीजवर चिकटवलेला. आलेखाचा कागद, खाली साठवर हिरवी रेघ, वर दीडशेवर लाल रेघ आणि मधल्या मोकळ्या जागेत दहा दिवसांचे निळे ठिपके. अठ्ठ्याण्णव, एकशे चार, एक्याण्णव. सगळे कसे शाळेतल्या शहाण्या पोरांसारखे ओळीत बसलेले. त्या दिवशीचा ठिपका देताना ह्यांचा हात लाल रेघेच्याही वर गेला आणि तिथं क्षणभर थांबला.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगते. भोपळ्या आमचा बोका. रंगानं पिकल्या भोपळ्यासारखा, आकारानंही तसाच. नऊ वर्षांपूर्वी ह्यांच्या निघोज्याच्या कंपनीत पुठ्ठ्याच्या खोक्यात सापडला आणि ह्यांच्या जेवणाच्या पिशवीतून काळेवाडीला आला. चौदा महिन्यांपूर्वी तो पाण्याच्या भांड्यापासून हलेना, बादलीभर मुतायला लागला आणि मागच्या पायांनी घसरत चालायला लागला. रहाटणीच्या डॉक्टर मिनल मॅडमनी साखर तपासली आणि रोज दोन वेळा इन्सुलिन सुरू केलं. चौदा महिने आम्ही एकही रात्र बाहेर काढली नाही. वर्षालीकडे, म्हणजे आमच्या लेकीकडे नाशिकला गेलो तरी संध्याकाळच्या सुईला घरी परत. शेजारच्या केसरबाई म्हणायच्या, "हितं माणसांला गोळ्या घ्यायचं सुधरंना आन् तुमी मांजराला सुया मारताय व्हय!" म्हणू देत. ज्याचं त्याला.

मग पथ्यावर राहून त्याची साखर उतरत गेली, इन्सुलिन कमी होत होत अर्ध्या युनिटावर आलं आणि मॅडम म्हणाल्या, आता चौदा दिवस काहीच न देता बघू. रोज तपासा. आकडे खाली राहिले तर सुटला बिचारा. लागोपाठ दोनदा दीडशेच्या वर गेले तर ट्रायल बंद, एक युनिट द्या आणि मला फोन करा.

ट्रायल हा शब्द ऐकला आणि ह्यांचे डोळे चमकले. कारण ट्रायल, पास आणि रिजेक्ट या तीन शब्दांत ह्यांचा जन्म गेला. गंगाखेडहून आलेला ज्योतीराम नावाचा पोरगा गाड्यांच्या ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत लागला आणि एकतीस वर्षं तपासणीच्या टेबलावर बसला. माल कितीही घाईचा असो, मोजमापात बसला नाही की लाल टॅग. यापायी साहेब लोकांशी वाजलं, बढती दोनदा हुकली. बाजारात मेथीची जुडी घेतली तरी हे पान न् पान बघणार. काळेवाडीचा भाजीवाला लांबूनच ओरडतो, "या काका, आजचा माल पास आहे!"

आणि हे साहेब आदल्याच दिवशी रिटायर झाले होते.

आदल्या संध्याकाळी शाल आणि नारळ घेऊन घरी आले. मी नवी साडी नेसून बसले होते. दारातच विचारलं, "भोपळ्यानं खाल्लं का?" मग चप्पल काढता काढता म्हणाले, "हे बघ, बिल्डिंगीत कुणाला सांगत बसू नको. गाजावाजा नको मला. काम सपलं, आलो घरी."

मी बरं म्हणाले. सकाळीच आणलेला अर्धा किलो पेढ्यांचा पुडा पिठाच्या डब्यामागं सरकवला आणि साडी बदलली. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू.

त्या दिवशी पहाटे सवयीनं पावणेपाचला जाग आली. परातीत पीठ घेतलं, पाणी ओतलं आणि मग आठवलं, डबा कुणाचा करायचा? घरात जागे दोघंच, भोपळ्या आणि मी. मी पुडा काढला, एक पेढा खाल्ला. भोपळ्या पायाशी येऊन बसला आणि माझ्या हाताकडे बघायला लागला. चौदा महिने त्यानं तरी काय सुख बघितलं? त्याला एक दिला. दुधातुपाचा वास, मिटक्या मारत खाल्ला. मग माझ्या दुसऱ्यातला अर्धा दिला. म्हटलं, घे बाबा, तू तरी तोंड गोड कर.

आदल्याच आठवड्यात त्याला बिस्किट दिलं म्हणून केसरबाईंना मी जिन्यात उभं राहून झाडलं होतं. त्यामुळे सकाळी सातला दोनशे बारा आल्यावर मी मूग गिळून गॅसजवळ का उभी होते, ते तुम्हाला कळलं असेल.

ह्यांनी पट्टी बदलून पुन्हा बघितलं. दोनशे आठ. पट्ट्यांच्या डबीवरची तारीख बघितली. मीटरचा सेल बदलला. मग स्वतःच्या बोटाला सुई टोचून मीटरची परीक्षा घेतली. त्यात ह्यांची साखर ब्याण्णव निघाली. एरवी मी म्हटलं असतं, चला, तुम्ही तरी पास झालात. त्या दिवशी गप्प बसले.

"आता कारण शोधाया पायजे," हे म्हणाले आणि कोरा कागद घेऊन जमिनीवर मांडी घालून बसले.

कंपनीत माल बिघडला की एक पद्धत असते. का बिघडला, विचारायचं. उत्तर येईल त्याला पुन्हा का विचारायचं. असं पाच वेळा खणत गेलं की मुळाशी पोचतं म्हणे. साहेब लोक त्याला व्हाय-व्हाय म्हणतात. आमच्या घरी ते कामून-कामून, कारण ह्यांच्या गंगाखेडकडं 'का'ला कामून म्हणतात. वर्षाली दहावीला गणितात नापास झाली तेव्हा ह्यांनी असाच कागद मांडला होता. तिसऱ्या कामूनला पोरगी रडायला लागली आणि चौथ्याला मी कागद फाडला.

ह्यांनी एक ते पाच आकडे घातले, पुढं उपायाचा, म्हणजे पुन्हा तसं होऊ नये म्हणून काय करायचं त्याचा, एक रकाना आखला. पहिल्या ओळीत लिहिलं, साखर कामून वाढली?

"रात्रीपासून त्यानं काय काय खाल्लं?"

"चिकन," मी म्हणाले.

"आन् काही?"

"न्हाई."

खात्री न झालेलं हे नेहमी पेन्सिलीनं लिहितात, पक्कं झालेलं पेनानं. ह्यांनी पेन्सिल ठेवली, पेन घेतलं आणि लिहिलं: चिकन. दुसरे काही नाही. बस्स. पुन्हा विचारलं नाही. बाजारात मेथीची जुडी उलटीपालटी करणारा हा माणूस, माझा शब्द त्यानं कधीच तपासला नाही. सरळ पेनानं लिहिला.

मग कारण खाण्यात नाही तर कशात, म्हणून शोध दुसरीकडे वळला. जागरण झालं का, उलटी झाली का, कुणी फटाका वाजवला का. एकही धागा लागेना. अकरा वाजता पुन्हा कान टोचला. एकशे शहात्तर.

"दुसरं," हे हळूच म्हणाले.

"खाली तर आलं की," मी म्हणाले. "थोडं थांबा ना."

"दोनदा दीडशेच्या वर म्हणजे ट्रायल बंद. नियम मीच लिहून घेतलाय मॅडमकडून." मग कागदाकडे बघत राहिले. "मला वाटतं माझंच चुकलंय. ह्या दहा दिसांत एखादा आकडा मी उलटा वाचला आसंल. चष्म्याचा नंबर वाढलाय. चांगलंच वाढलेलं आसंल त्याचं आन् मला दिसलं नसंल."

"तुमचं कशाला चुकंल?"

"वय झालं कौशल्या. येळेवर सोडलं मला कंपनीनं. तिथं आसं झालं असतं तर ब्रेक लागले नसते कुणाचे."

उठले, फ्रीज उघडला, लोणच्याच्या बरणीशेजारची इन्सुलिनची बाटली काढली. तळव्यांत धरून हलक्या हातानं फिरवली, चौदा महिने फिरवायचे तशीच. सुईत एक युनिट ओढलं. भोपळ्या आपला शहाण्यासारखा मान खाली घालून बसला. ह्यांनी त्याच्या मानेवरची कातडी चिमटीत धरली.

"थांबा! टोचू नका. त्यानं पेढा खाल्लाय."

हात जागेवर थांबला. ह्यांनी आधी सुईला टोपण लावलं, ती ओट्यावर ठेवली आणि मगच माझ्याकडे बघितलं.

"पेढा?"

"दीड पेढा. पाच वाजता. मी दिला."

"मघाशी चिकन म्हणलीस."

"खोटं बोलले."

ह्यांनी सरळ फोन लावला. मिनल मॅडम आधी हसल्या, मग चांगल्याच रागावल्या. फोन लाऊडवर होता म्हणून मलाही ऐकू आलं. "पेढ्याची साखर आपोआप उतरतीये काका. त्यावर इन्सुलिन गेलं असतं तर दुपारपर्यंत इतकी खाली आली असती की फिट आली असती त्याला. वाढलेल्या साखरेपेक्षा एकदम उतरलेली वाईट. आता काही देऊ नका, संध्याकाळी तपासा. आणि काकूंना सांगा, प्रेम चिकननं करा!"

मी खाली बसले आणि भोपळ्याला मांडीवर ओढला. त्याला चिकनचा तुकडा मिळालेला नव्हता, त्यामुळे तो माझ्यावरही नाराज होता.

हे कागद घेऊन माझ्यासमोर बसले. पेनानं लिहिलेली ओळ खोडली. एकतीस वर्षांच्या संसारात माझी खोडलेली ही पहिलीच ओळ.

"पेढा दिलास," लिहीत म्हणाले. "कामून दिलास?"

"पुडा होता घरात. आन् खायाला दुसरं कुणी न्हवतं."

"पुडा घरात कामून व्हता?"

"तुमचा व्हता!" मी म्हणाले आणि मग मला थांबता येईना. "अर्धा किलो. बिल्डिंगीत वाटाया आणला व्हता. एकतीस वर्षं तुम्ही ब्रेक तपासले. ह्या रस्त्यानं रोज किती गाड्या जातात, येळेवर थांबतात, लोक आपापल्या घरी जातात. त्यातल्या एकाला तरी तुमचं नाव ठावं हाय का? म्हटलं निदान ह्या जिन्यातल्या दहा घरांनी तरी म्हणावं, ज्योतीरामभाऊंनी चांगली नोकरी केली. तर तुम्ही म्हणलात गाजावाजा नको. तुमचं काम सपलं, बरोबर. पण एकतीस वर्षं पहाटं डबा कुणी केला? माझं बी काल काहीतरी सपलं का न्हाई?"

ह्यांनी लिहिणं थांबवलं होतं. मी पदरानं डोळे पुसले. रडायचं नव्हतं, पण आलं.

"वाटाया आणला, वाटायचा राहिला," हे म्हणाले आणि चौथ्या ओळीत तेवढंच लिहिलं. पुढं काही विचारलं नाही. उठून भोपळ्याचा राहिलेला चिकनचा तुकडा त्याला आणून दिला.

दुपारी दोघं जेवलो. बोलणं मिठापुरतंच. ह्यांनी दोनदा येऊन भोपळ्याचं नाक, कान, चाल बघितली. मी भांडी घासली. चार वाजता हे स्वतःच चहाला बसले आणि पुडा मागितला. दोन पेढे खाल्ले. म्हणाले, "बरे हायेत. कुठून आणले?" मी सांगितलं, काळेवाडी फाट्यावरून. "बरे हायेत," पुन्हा म्हणाले. उरलेला पुडा त्यांनी स्वतः हातात घेतला आणि केसरबाईंची बेल वाजवली. भिंतीपलीकडून केसरबाईंचा मोठा आवाज ऐकू आला आणि ह्यांचा बारीक. काय बोलले ते मात्र कळलं नाही.

संध्याकाळी सातला कान टोचला. मी ह्यांच्या पाठीशी उभी होते, देवाचं नाव घेत. मीटरनं पाच सेकंद घेतले.

"एकशे दोन," हे म्हणाले. ह्या वेळी दुसऱ्यांदा वाचलं नाही.

ठिपका दिला. सकाळच्या ठिपक्यांभोवती गोल काढून बारीक अक्षरात लिहिलं, कारण सापडले. ट्रायल चालू राहिली. भोपळ्या पाय चाटत बसला होता.

मला वाटलं, झालं. पण हे तो कामूनचा कागद घेऊन पुन्हा बसले.

"आता काय राहिलं?" मी म्हणाले. "चार झाले की."

"पाच झाल्याबिगर कागद बंद होत न्हाई."

पेन्सिल बोटांत फिरवत राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी घरातच व्हतो. मला कामून उठवलं न्हाईस? मी खाल्ला असता की पेढा तुझ्यासंगं."

मी भोपळ्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"आले व्हते उठवाया. दोनदा आले, पेढा घेऊन. तुम्ही ढाराढूर झोपला व्हता. पाच वाजले तरी. एकतीस वर्षांत तुम्हाला आसं झोपलेलं मी बघितलंच न्हवतं. मग उठवू वाटलं न्हाई."

"दोनदा आलीस?"

"व्हय."

ह्यांनी मग खाली वाकून काहीतरी लिहिलं, कागद आलेखाशेजारी फ्रीजवर चिकटवला आणि भोपळ्याचं पाणी बदलायला गेले.

त्याला आता चार महिने झाले. भोपळ्याला तेव्हापासून सुई लागलेली नाही, नाशिकला आठ दिवस राहूनही आलो. तो कागद अजून तिथंच आहे. पाचव्या ओळीत लिहिलंय, झोपू दिलं. आणि तिच्यापुढच्या उपायाच्या रकान्यात, पेनानं: गरज नाही.