पाणी चढताना

दादांचं सगळं आयुष्य छापखान्यात गेलं, आणि मशीनच्या खडखडाटात कानही गेले. घरात वहिनी त्यांच्याशी एवढ्या मोठ्याने बोलायच्या की शेजाऱ्यांना वाटायचं, यांचं रोजच वाजतंय. दादा निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या धाकट्या बहिणीने दोघांना आपल्याकडे समुद्रकाठी बोलावलं आणि दुसऱ्याच दिवशी कड्यावरच्या पायवाटेने फिरायला नेलं.

वाट एका माणसापुरतीच. एका अंगाला गवताचा उतार, दुसऱ्या अंगाला तारेचं कुंपण, आणि त्यापलीकडे खोल खाली समुद्र. वाऱ्याने वहिनींची ओढणी एका जागी राहीना. दादा मात्र शाळेची सहल निघाल्यासारखे पुढे पुढे. वळणावर बाकडं लागलं. तिथून दगडी पायऱ्या खालच्या वाळूवर उतरत होत्या.

"जरा पाय भिजवून येतो," दादा म्हणाले. कानातलं यंत्र आणि फोन भिजायला नको म्हणून त्यांनी वहिनींच्या हातात दिले. वहिनींचे गुडघे पायऱ्यांना तयार नव्हते. त्या नणंदेबरोबर बाकड्यावर टेकल्या.

दादा वाळूच्या पार दुसऱ्या टोकाला पोचले, वाकून गोटे उचलून बघू लागले. नणंद बोलता बोलता थांबली.

"वहिनी, मघाशी त्या काळ्या खडकापुढे वाळू होती ना?"

वाळू नव्हती. पाणी खडकाला लागलं होतं आणि पायऱ्यांकडे सरकत होतं. दादांची पाठ होती.

"अहो! मागे बघा! अहो!"

वारा समोरून येत होता. शब्द तोंडातल्या तोंडात राहिले. वहिनींनी दोन्ही हात हलवले. दादांनी वर पाहिलं, टोपी काढली आणि हसून हलवली. एक गोटा उंच धरून दाखवला, किती छान आहे म्हणून.

नणंदेने कसाबसा बचाव पथकाला फोन लावला. "बोट निघतेय म्हणतात. अर्धा तास तरी लागेल."

"अर्ध्या तासात काय उरणार गं?"

वहिनी उठल्या आणि गुडघ्यांचा विचार न करता पायऱ्या उतरू लागल्या. खालच्या पायऱ्या पाण्यात गेल्या होत्या. एका लाटेने पायातली चप्पल ओढून नेली, तसं नणंदेने मागून त्यांचं मनगट घट्ट पकडलं.

"सोड मला!"

"नाही सोडणार. तुम्हीही गेलात तर मी एकटी काय करू?"

वहिनी तिथेच ओल्या पायरीवर बसल्या.

आता दादांच्या ध्यानात आलं होतं. ते पळत आले, कमरेएवढ्या पाण्यात शिरले, धडपडले, मागे फिरले आणि एका खडकावर चढले. इतके जवळ होते की गेल्याच आठवड्यात वहिनींनी उसवून सैल केलेला शर्ट ओळखू येत होता. वहिनी हाताने सांगत होत्या, वर चढा, अजून वर. दादांनी कानाला हात लावून मान हलवली. मग तेच हाताने सांगू लागले, जा, वर जा, भिजशील.

पुढची लाट आली तेव्हा ते खडकावर होते. लाट ओसरली तेव्हा नव्हते. नणंद ओरडत सुटली. मग खडकाची खाच घट्ट धरून ठेवलेला एक हात दिसला.

बोट आली, पण खडकाजवळ येईना. कमरेला दोर बांधून एका माणसाने उडी टाकली. दादांना ओढून बोटीत घेतलं, आडवं केलं, दोघे त्यांच्यावर वाकले. ते हलतात की नाही, वरून कळत नव्हतं. बोट वळली आणि कड्याआड दिसेनाशी झाली.

बोट धक्क्याला लागणार होती, आणि तिथे पोचायला आल्या वाटेनेच परत जायचं होतं. वहिनी एका चपलेवर चालल्या. नणंद सारखा फोन लावत होती; पलीकडे कुणी उचलत नव्हतं.

"काय असेल ते सांगायला नको का त्या बोटवाल्यांनी?" वहिनी एकदाच म्हणाल्या.

धक्क्यावर रुग्णवाहिका उभी होती. दादा आत होते. जिवंत होते. खांदा निखळला होता, ओठ निळे पडले होते, आणि पट्ट्यांनी त्यांना गळ्यापर्यंत बांधलं होतं.

"एकालाच बसता येईल," परिचारिका म्हणाली.

वहिनी चढल्या. हात धरावा तर हात ब्लँकेटमध्ये गुंडाळलेले, चेहऱ्यावर मास्क. एक पाऊल तेवढं बाहेर राहिलं होतं, बर्फासारखं गार. ते त्यांनी दोन्ही हातांत धरलं, आणि हॉस्पिटल येईपर्यंत सोडलं नाही.